झाकणवाल्या मॅडम

उल्हासनगरच्या कॉम्प्युटर मार्केटात आमच्या मॅडम शिरल्या की निम्मे दुकानदार मोबाइल कानाला लावून मागच्या बाजूला निघून जायचे. मॅडमनी कधी कुणाशी भांडण केलं नव्हतं. घासाघीस करण्यातही त्यांना फारसा रस नव्हता. पण त्यांच्या पर्समधून तो पेन ड्राइव्ह बाहेर निघाला की दुकानातलं एक मशीन दुपारभरासाठी गेलं असं समजायचं. त्या पेन ड्राइव्हमध्ये एक सॉफ्टवेअर होतं आणि एकच काम होतं. बादलीचं झाकण.

झाकण म्हणजे झाकणाचा साचा. अंबरनाथ पश्चिमेला एका गाळ्यात आमचं ऑफिस होतं आणि तिथे आम्ही प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे डिझाइन करायचो. वितळलेलं प्लास्टिक साच्यात कसं पसरेल, कुठे आधी थंड होईल, कुठे खड्डा पडेल, हे पोलाद कापायच्या आधीच कॉम्प्युटरवर काढून बघतात. हा हिशेब भलताच किचकट असतो आणि साधासुधा कॉम्प्युटर त्यात घामाघूम होतो. मॅडमना स्वतःसाठी मशीन घ्यायचं असो की कुणा ओळखीच्याच्या भाच्यासाठी, त्या प्रत्येक मशीनवर हे झाकण चालवून बघायच्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत. अर्ध्यावर थांबवणं त्यांना मान्यच नव्हतं.

आमच्या नेहमीच्या दुकानाचे सिंधी शेठ त्यांना ‘अदी’ म्हणायचे, म्हणजे ताई. पळून जायला त्यांच्या दुकानाला मागचं दार नव्हतं.

“अदी,” ते हात जोडून म्हणायचे, “लोक टीव्ही घेतात तर दोन चॅनल बदलून बघतात. तुम्ही तो पूरा पिक्चर बघून, नावं पण वाचून, मग बोलता, सोचते हैं!”

“शेठ, तुम्ही तुमचं चालू द्या. मी आहे इथे,” असं म्हणून मॅडम स्टुलावर बसायच्या आणि डबा उघडायच्या.

लॅपटॉप असला की सुरुवातीला गंमत व्हायची. तो जोरात सुटायचा. पडद्यावरचे टक्के भराभर चढायचे आणि शेठचा चेहरा खुलायचा. “देखो अदी, रॉकेट आहे!” मॅडम पोळीभाजी खात राहायच्या. थोड्या वेळानं लॅपटॉपचा पंखा घुरघुरायला लागायचा आणि टक्के रेंगाळायचे. मग मॅडम हात पुसून, आईनं पोराच्या कपाळाला लावावा तसा लॅपटॉपच्या पाठीला तळहात लावायच्या. “तापला,” असं म्हणून पुन्हा डब्याकडे वळायच्या. शेठ माझ्याकडे असे बघायचे की जणू तो ताप मीच आणला होता.

लॅपटॉपच्या प्रोसेसरची अक्कल कमी नसते, हे त्या आवर्जून सांगायच्या. त्याचं घर लहान असतं, एवढंच. पातळ पेटीत उष्णतेला बाहेर जायला जागा नाही आणि पंखा बोटभर, त्यामुळे तापला की तो स्वतःच चाल कमी करतो. वर्कस्टेशनचा, म्हणजे अशाच भारी कामांसाठी बांधलेल्या पेटाऱ्याएवढ्या कॉम्प्युटरचा, प्रोसेसर सुटताना त्याच्या पुढे असेलच असं नाही. पण त्याच्या डोक्यावर विटेएवढा थंडाव्याचा ठोकळा असतो, पंखे मोठे असतात आणि हाताखाली काम वाटून घ्यायला जास्त गडी असतात. तो ज्या चालीनं निघतो त्याच चालीनं पोचतो. “वेग विचारू नकोस, दम विचार,” असं त्या म्हणायच्या. “पहिल्या पाच मिनिटांत सगळेच हुशार असतात.”

हे त्यांनी कॉम्प्युटरपुरतं ठेवलं असतं तर त्यांना कुणी विक्षिप्त म्हटलं नसतं. पण त्यांनी सगळ्या दुनियेलाच ही फूटपट्टी लावली होती. लग्नाला गेल्या की त्या शेवटच्या पंगतीला बसायच्या. कितीही आग्रह झाला तरी त्याआधी नाही. माझं लग्न चामटोलीला आमच्या शेतातल्या मांडवात झालं, तेव्हा माझे बाबा त्यांना मानाच्या पहिल्या पंगतीला बसवायला धावत गेले.

“मॅडम, पयल्या पंगतीला बसा. पोरीच्या हापिसचं मानूस तुमी, उभं कनाला राहता?”

“पहिल्या पंगतीत कुणीही गरम वाढतो हो,” मॅडम म्हणाल्या आणि मांडवाच्या कडेला आंब्याखाली खुर्ची टाकून बसल्या त्या बसल्याच.

बाबांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, मॅडमना काहीतरी खटकलं. दुपार कलल्यावर, वाढपीसुद्धा जेवायला बसले तेव्हा त्यांच्यासोबत मॅडम बसल्या. जेवून उठल्यावर हात धुता धुता त्यांनी बाबांना सांगितलं, “वरण शेवटच्या पानालाही घट्ट होतं. घर चांगलं आहे.” बाबांनी हे वाक्य पुढे सगळ्या भावकीला ऐकवलं. आजही लग्नाचा अल्बम निघाला की फोटो बाजूला राहतात आणि आधी वरणाचं सर्टिफिकेट निघतं.

मला नोकरी देतानाही त्यांनी असंच केलं होतं. डिप्लोमाचे कागद त्यांनी उलटे करून टेबलावर ठेवले, एका डब्याचं ड्रॉइंग दिलं आणि “बस” म्हणाल्या. सकाळभर मी जीव तोडून रेघा मारल्या आणि त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. दुपारी चारला, डोळे चुरचुरायला लागले, पाठ मोडली, वैताग आला, तेव्हा त्या येऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या. “सकाळचं काम मी बघत नाही,” म्हणाल्या. “सकाळी तू मला दाखवायला काम करत होतीस. आता तुझ्यासारखं करते आहेस.” त्या वेळच्या माझ्या कामात दोन चुका होत्या. त्या त्यांनी बोटानं दाखवल्या आणि उद्या नऊला ये म्हणून सांगितलं.

उंच, शिडशिडीत बाई. अंगावर कडक इस्त्रीची सुती साडी आणि साडीखाली कारखान्यातले जाडजूड सेफ्टी शूज. ते बूट त्या बँकेतही घालून जायच्या आणि हळदीकुंकवालाही. लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची आमची टाप नव्हती. आता त्या कोकणात बहिणीकडे राहायला गेल्या आहेत आणि तिथल्या मिक्सरचा दम बघत असतात, असं बहीण फोनवर सांगते.

ऑफिसात एकच एसी होता आणि तो मॅडमच्या केबिनला नव्हता. तो होता वर्कस्टेशनच्या खोलीला. मॅडम बाहेर आमच्यासोबत पंख्याखाली बसायच्या आणि वर्कस्टेशन आत काश्मीरला. त्याचं नाव काका. “काकांना हात लावू नका, ते कामात आहेत,” हे वाक्य पहिल्यांदा ऐकणारा पाहुणा दबकून आत डोकावायचा आणि आत कुणीच म्हातारं माणूस दिसत नाही म्हणून आणखी दबकायचा. मे महिन्यात आम्हा सगळ्यांनाच काकांच्या तब्येतीची फार काळजी वाटायची. दर थोड्या वेळानं कुणीतरी त्यांची विचारपूस करायला आत जायचं आणि बराच वेळ बाहेर यायचं नाही.

आमच्यातला एक मुलगा कामात फार चटपटीत होता, पण दुपारनंतर मावळायचा. त्याला आम्ही पाठीमागे ‘लॅपटॉप’ म्हणायला लागलो. हे मॅडमच्या कानावर गेलं आणि त्यांनी आम्हाला चांगलंच सुनावलं. “यंत्राला माणसाचं नाव द्या, त्याचा मान वाढतो. माणसाला यंत्राचं देऊ नका.” त्या मुलाला त्यांनी नंतर सकाळचीच कामं द्यायला सुरुवात केली आणि दुपारी त्याला पार्ट्यांकडे, म्हणजे गिऱ्हाइकांकडे, पाठवायला लागल्या. तो खुलला.

मी सातव्या महिन्यात होते तेव्हाही मे महिनाच होता. एका सकाळी येऊन बघते तर माझं टेबल, खुर्ची, पाण्याची बाटली, सगळं काकांच्या खोलीत. मी विचारलं तर म्हणाल्या, “सध्या या ऑफिसात दोघंच पूर्ण भाराखाली आहेत, काका आणि तू. दोघांनी एका खोलीत बसलेलं बरं, वीजबिल वाचेल.” मग स्वतःची शाल माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकून बाहेर जाऊन वर्तमानपत्रानं वारा घेत बसल्या. वीजबिलाचं कारण पुढे करायची त्यांना सवयच होती. सरळ माया करणं त्यांना जमायचं नाही.

त्यांना संतापलेलं मी एकदाच पाहिलं, आणि तेही हारापायी. गाळ्याचे मालक चिखलोलीचे होते, मोठे भाविक. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. खंडेनवमीला ते आपल्या सगळ्या गाळ्यांतून फिरून भाडेकरूंच्या यंत्रांना स्वतःच्या हातानं झेंडूचे हार घालायचे. शेजारच्या गाळ्यातल्या लेथला घालायचे, ड्रिलला घालायचे, वेल्डिंगच्या मशीनला घालायचे. त्या वर्षी आमच्या गाळ्याची चावी त्यांच्याकडे होती, आम्ही सुट्टीवर होतो आणि काका आत एका मोठ्या कामाला लावलेले होते. पार्टीला ते काम दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हवं होतं.

भाऊंनी चांगला मनगटाएवढा जाड हार आणला. लेथला घालतात तसा काकांना घातला. आंब्याच्या पानांसकट, पुढच्या जाळीवर चापून चोपून बसेल असा, कारण पुढून दिसायला छान दिसतं. वर हळद-कुंकू वाहिलं, नमस्कार केला, कुलूप लावून गेले. लेथला हारानं काही होत नाही. काका मात्र त्याच जाळीतून श्वास घेतात. पंख्यानं पाकळ्या ओढून ओढून जाळीला घट्ट चिकटवल्या आणि ज्या काकांच्या दमाचे आम्ही सगळीकडे गोडवे गायचो, ते काका लॅपटॉपसारखे रेंगाळत, धापा टाकत बसले. आम्ही आलो तेव्हा अर्धं काम बाकी होतं आणि खोलीत शिजलेल्या झेंडूचा वास सुटला होता.

मॅडमनी भाऊंना बोलावून घेतलं. मॅडमचे कान लाल झाले होते.

“भाऊ, जिवंत माणसाला असा हार घालतात का?”

भाऊंना काही कळेना. मॅडमनी त्यांचा हात धरून काकांच्या अंगावर ठेवला. भाऊंनी चटका बसल्यासारखा काढून घेतला. मग त्या पाकळ्यांनी बुजलेली जाळी बघून त्यांना उमगलं आणि ते पार खजील झाले.

“मॅडम, देवाला हार घातला आन् देवच घुसमाटला, असं पयल्यांदा बघतंय मी,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मॅडमचा राग तिथल्या तिथे गेला. पार्टीला त्यांनी फोन करून खरं तेच सांगितलं की आमच्या मशीनला हार पडला म्हणून उशीर होतोय. पार्टी इतकी हसली की मुदत वाढवून मिळाली. पुढच्या खंडेनवमीपासून भाऊ हाराऐवजी आपल्या पिठाच्या गिरणीतला धूळ उडवायचा ब्लोअर घेऊन यायला लागले. ते फुंकर मारायचे, मॅडम काकांचं पोट उघडून प्रोसेसरवरचा सुकलेला लेप पुसायच्या आणि नव्या लेपाचा ठिपका ठेवायच्या. थंडावा नीट पोचावा म्हणून तो लेप लावतात. मॅडम त्याला गंध म्हणायच्या. मग सगळ्यांना शिरा. आमची पूजा ही अशी.

आता जे सांगायचं आहे त्यासाठी ट्रायल म्हणजे काय ते सांगायला हवं. साचा तयार झाला की टूलरूममध्ये, म्हणजे जिथे तो घडवतात त्या कारखान्यात, तो मशीनवर चढवतात आणि पहिला नग काढतात. आपण महिनोन्‌महिने पडद्यावर फिरवलेली वस्तू पहिल्यांदा हातात येते. नोकरीला लागल्यावर थोड्याच दिवसांनी मॅडम मला एमआयडीसीत अशा एका ट्रायलला घेऊन गेल्या. मशीन उघडलं, गरम झाकण खाली पडलं. मॅडमनी ते उचललं, हुंगलं, वाकवलं, उजेडात धरलं आणि माझ्या हातात दिलं. एका कडेला केसाएवढी फट होती, तिथपर्यंत प्लास्टिक पोचलंच नव्हतं. ऑपरेटर, फिटर, कारखान्याचे मालक, सगळे पुरुष आमच्याकडे बघत होते. मॅडमनी विचारलं, “पोलाद कुठे काढायचं?” मी घाबरत घाबरत एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. फिटरनं तिथे पोलाद घासलं, पुन्हा मशीन चालवलं आणि फट गेली. त्या दिवशी घरी येताना मी जमिनीवर चालत नव्हते. मला जन्मभर हेच करायचं आहे, हे मला तेव्हा कळलं.

मुलगी झाली, रांगायला लागली, आणि माझ्या रजेचे दिवस संपत आले. बदलापूरच्या घरी त्यावर बराच खल झाला. घरात वाईट कुणीच नव्हतं, हीच पंचाईत. नवरा म्हणाला, तुला पटेल ते कर, आणि केमिकल कंपनीत पाळीला निघून गेला. सासरे मात्र मनापासून कामाला लागले. सुनेला धावपळ नको, पोरीला आई हवी, कामही सुटायला नको. त्यांनी स्वतःच तोड काढली की घरी भलामोठा कॉम्प्युटर घ्यायचा, हापिसात आहे तसाच. बेडरूमच्या कोपऱ्यात खिडकीशी त्यांनी सुताराकडून टेबलसुद्धा करून घेतलं. टेबलाला मुलीसाठी गोल कोपरे करायला लावले होते.

मी त्या टेबलाकडे बघायची आणि खोलीबाहेर निघून जायची. आमच्याच ऑफिसातली एक जण अशीच घरबसल्या काम करायला लागली होती. सुरुवातीला तिला साचे मिळाले. मग दुसऱ्यांच्या साच्यातल्या दुरुस्त्या मिळायला लागल्या, कारण ट्रायलला जो उभा असतो साचा त्याचाच होतो. मग दुरुस्त्याही थांबल्या. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही. दटावून कोंडलं तर दार ठोकता येतं, मायेनं कोंडलं तर काय ठोकणार?

सासऱ्यांनीच ठरवलं की मशीन निवडायला मॅडमना सोबत न्यायचं. तेव्हा मी आशाच सोडली. मॅडम काय निवडणार हे अख्ख्या उल्हासनगरला ठाऊक होतं.

एका शनिवारी आम्ही निघालो. सासरे, सासूबाई, त्यांच्या खांद्यावर माझी मुलगी, आणि मी. सासूबाईंना मार्केटातून ड्रेसचं कापडही घ्यायचं होतं. मॅडम दुकानापाशी भेटल्या. पायऱ्या चढताना त्यांनी कठडा धरला होता आणि एकेका पायरीवर थांबत होत्या. गुडघ्यांनी त्या वर्षी असहकार पुकारला होता.

“ठेवणार कुठे?” एवढंच त्यांनी मला विचारलं.

“बेडरूमच्या कोपऱ्यात. टेबल झालंय.”

“हं,” त्या म्हणाल्या.

सासऱ्यांनी दुकानात शिरताच शेठना सांगून टाकलं, “तुमच्याकं सगल्यात मोठा कंचा हाय तो काढा.” शेठनी वर्कस्टेशन काढलं. मॅडमनी शेजारी एक लॅपटॉप ठेवायला लावला, पेन ड्राइव्ह काढला आणि शेठनी देवाचं नाव घेतलं. झाकण दोन्हीकडे सुरू झालं. पुढे व्हायचं तेच झालं. लॅपटॉप उसळला, मग तापला, मग रेंगाळला. वर्कस्टेशननं त्याला गाठलं, मागे टाकलं आणि आपलं काम संपवून शांत बसलं. लॅपटॉप अजून धापा टाकत होता. मॅडमनी त्याचंही पूर्ण होईपर्यंत सगळ्यांना बसवून ठेवलं. सासरे भलतेच खूश होते. “मी बोल्लो नव्हतो? मोठा तो मोठा,” ते म्हणाले आणि शेठ पावतीपुस्तकाकडे वळले.

“थांबा,” मॅडम म्हणाल्या आणि पर्समधून दुसरा पेन ड्राइव्ह काढला.

“और एक?” शेठ खाली बसले.

हा पेन ड्राइव्ह मीही कधी पाहिला नव्हता. त्यात माझंच काम होतं, रजेवर जाण्याआधी मी अर्धवट सोडलेला एका क्रेटचा साचा. मॅडमनी मला खुर्चीत बसवलं. “दिवसभर ऑफिसात जे करतेस ते कर. आधी यावर, मग त्यावर.” मी साचा उघडला, फिरवला, एक भाग बदलला, जोडणी तपासली, सेव्ह केलं. मग तेच लॅपटॉपवर. कितीतरी महिन्यांनी हात चालत होते आणि मला खरं तर थांबावंसंच वाटत नव्हतं. सगळे बघत होते. लॅपटॉप कुठेही मागे पडला नाही. एकदोनदा तर पुढेच गेला.

सासऱ्यांना हे अजिबात आवडलं नाही. “ह्यो कसा काय जितला? मगाशी तर मेला व्हता.”

“दादा, तुम्ही विहीर खणलेली बघितलीय ना?” मॅडमनी विचारलं.

“बघितलीय काय, खनलीय.”

“मग सांगा. अगदी तळाशी, जिथे एकच माणूस मावतो, तिथे वर वीस माणसं घमेली घेऊन उभी केली तर खणायचं काम लवकर होईल?”

“कसं होईल? खाली खननारा तर एकच.”

“हिचं ड्रॉइंगचं काम असं आहे. यात प्रोसेसरमधला एकच गडी खणतो, बाकीचे बघत उभे राहतात. आणि तो एक गडी या छोट्यातही तेवढाच चपळ आहे. मगाशी झाकणाला सगळे गडी लागत होते, तेही तासन्‌तास, म्हणून मोठा जिंकला. तसलं काम निघालं तर ही घरून पाठवेल आणि माझ्या ऑफिसातलं मशीन करेल. रात्रभर ते रिकामंच बसलेलं असतं.”

सासऱ्यांनी मान डोलावली, पण त्यांचा हात वर्कस्टेशनवरून निघेना. सुनेला द्यायचं तर सगळ्यात मोठंच द्यायचं, हे त्यांच्या मनात होतं आणि मला ते दिसत होतं. “मंग मोठा घेतला तर बिघडतं काय?” त्यांनी विचारलं.

मॅडमनी दोन्ही पेन ड्राइव्ह पर्समध्ये ठेवले. मग नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाल्या, “दादा, मोठा उत्तमच. मी माझ्यासाठी तोच घेतला. पण माझा ऑफिसात आहे, त्याच्याकडे मी रोज घरातून निघून जाते. तुम्ही हिचा बेडरूममध्ये ठेवताय. तो जागचा हलत नाही, म्हणजे ही पण हलणार नाही. साचा अर्धा पडद्यावर होतो आणि अर्धा टूलरूममध्ये, मशीनपाशी उभं राहून. ते उभं राहणं हिनं सोडलं तर थोड्याच वर्षांत ही लोकांच्या चुका पुसत बसेल. त्याला मग लॅपटॉप तरी कशाला हवा? खोडरबर पुरेल.”

जे मी इतके दिवस स्वतःच्या घरात बोलू शकले नव्हते ते मॅडमनी भर दुकानात बोलून टाकलं होतं. मी त्यांना याबद्दल एक अक्षर सांगितलं नव्हतं. मला एकाच वेळी हायसं वाटलं आणि जमिनीत जावंसं वाटलं. सासऱ्यांकडे बघायची माझी हिंमत होईना.

“त्ये बरोबर असंल,” ते शेवटी म्हणाले. “पन पोरीला कोन बघंल?”

शेठ उगाच एक वायर गुंडाळत राहिले. माझ्या ओठांवर ‘राहू दे’ हे शब्द आले होते, कारण तेच शब्द सगळ्यात जवळ असतात.

मुलगी सासूबाईंच्या खांद्यावर झोपली होती आणि त्या तिला थोपटत दुकानाच्या दाराशी उभ्या होत्या. त्या दोन पावलं पुढे आल्या आणि थेट मॅडमना विचारलं, “त्या कारखान्यात बाया असतात का?”

“मी असायची,” मॅडम म्हणाल्या. “पण आता गुडघे उभं राहू देत नाहीत. मागच्या दोन ट्रायलना मी गेलेच नाही. त्यामुळे सध्या कुणी नाही.” मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “हिचा क्रेट मी पुरा करून घेतला, सोमवारी त्याची ट्रायल आहे. ही आली, तर असेल.”

सासूबाईंनी मुलीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. नवऱ्याकडे पाहिलं.

“सोमवारी मी हाय घरी,” त्या म्हणाल्या. “मंगलवारी पन हाय. मी कुठं जातंय?”

सासऱ्यांनी वर्कस्टेशनवरचा हात काढला. “शेठ,” ते म्हणाले, “तो छोटा बांधा.”

सासूबाई माझ्याकडे वळल्या. “डबा कितीला लागंल?”

मी तोंड उघडायच्या आत उत्तर मॅडमनीच दिलं.

“साडेसातला.”